काळ्या कापडावरचा पांढरा रंग



अध्यक्षाने आपल्या कापडछपाईच्या धंद्याच्या एकूण स्थितीवर बोलावं असा संकेत आहे. जीएसटी, कारागिरांची टंचाई, मशीनवरची कर्जं हे सगळे विषय पुढच्या सत्रांत येणारच आहेत, आणि त्यांवर अधिकाराने बोलणारी माणसं या सभागृहात बसलेली आहेत. मी आज एकच विषय धरणार आहे. गडद कापडावर छापायचं असेल तर शाई कोणती वापरायची आणि ट्रान्सफर कोणता? दहीहंडी-गणपतीचे दिवस आपल्यापैकी अनेकांचं वर्षाचं गणित ठरवतात. त्या दिवसांत काळा, मरून, नेव्ही ब्लू हीच मागणी असते आणि माल परत येतो तोही बहुधा त्यातलाच.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण शाई ठरवतो ती दुकानात कोणतं मशीन उभं आहे ते बघून. डीटीएफचं, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर उतरवण्याचं मशीन घेतलं की सगळं डीटीएफवर, स्क्रीनचं टेबल असलं की सगळं प्लास्टिसोलने. शाई ठरवायला हवी ती समोरच्या कापडावरून, आणि कापडातही आधी त्यात मुरलेल्या रंगावरून.

पांढऱ्या टी-शर्टवर शाई पारदर्शक असली तरी भागतं, कारण शाईतून आत गेलेला उजेड खालचं कापड परत पाठवतं. काळं कापड तो उजेड गिळतं. म्हणून तिथे शाईलाच उजेड परतवावा लागतो आणि ते काम टायटॅनियम डायऑक्साइड करतो. त्याच्या रूटाइल प्रकाराचा अपवर्तनांक साधारण 2.7 आणि भोवतीच्या बाइंडरचा 1.5 च्या आसपास. या फरकामुळेच पांढरी शाई झाकते. कण पाव मायक्रॉनच्या आसपास आणि एकमेकांपासून सुटे असले, तर तो सर्वांत चांगला झाकतो. कणांचे पुंजके झाले की कितीही जाड थर द्या, खालचा काळा डोकावतोच. म्हणून एक जाड हात मारण्याऐवजी एक हात, फ्लॅश म्हणजे उष्णतेने तो थर जेमतेम सुकवणं, आणि पुन्हा एक हात, हीच पद्धत मी योग्य मानतो. हाच कण पाण्याच्या चौपट जड असतो. बादलीतली शाई तळापासून ढवळायची ती यासाठी, आणि डीटीएफची पांढरी शाई दोन दिवस बंद राहिली की हेड चोंदतो तोही यामुळेच.

आता सुताकडे येऊ. सुती कापडावर आपल्याकडे पूर्वापार खादी पेस्ट चालत आली. बाइंडरमध्ये पांढरं पिगमेंट घालून ठशाने किंवा स्क्रीनने छापायची. ती अजूनही कामाची आहे, पण काळ्यावर करकरीत पांढरं मागितलं तर कमी पडते. प्लास्टिसोल तिथे भरवशाची. पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझरमध्ये कालवलेले असतात. ती हवेने वाळत नाही. पूर्ण थराचं तापमान साधारण 160 अंशांना पोचलं की एकजीव होते. पूर्ण थराचं, हे महत्त्वाचं. लेझर गन दाखवते ते वरच्या कातडीचं तापमान. खालचा बेस कच्चा राहिला तर दुकानात काही कळत नाही, गिऱ्हाइकाच्या घरी तिसऱ्या धुण्याला पापुद्रे निघतात. छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणून बघा. तडा गेला तर माल द्यायचा नाही.

मला स्वतःला सुतावर सर्वांत आवडतो तो डिस्चार्ज. त्यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्याकडे त्याची उगाच भीती आहे. इथे आपण कापडावर रंग चढवत नाही, कापडातला रंग काढतो. पेस्टमध्ये झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट असतं. उष्णता आणि ओलावा मिळाला की ते रिॲक्टिव्ह रंगातला ॲझो बंध तोडतं. रंग जातो आणि मागे राहतो तो सुताचा मूळ सायीसारखा रंग. अगदी शुभ्र हवं असेल तर पेस्टमध्ये पांढरं पिगमेंट घालायचं. छापील भागावर हात फिरवला तर कापडच लागतं, वरचा थर जाणवत नाही.

पण हे कोणत्या रंगावर होतं? फिरोजी आणि रॉयल ब्लू हटत नाहीत असं आपण सगळेच म्हणतो. त्याचं कारण असं, की फिरोजी सहसा कॉपर थॅलोसायनिनचा आणि रॉयल ब्लू सहसा अँथ्राक्विनोनचा असतो. त्यांत तोडायला ॲझो बंधच नाही. काळ्यातही फसगत होते. दुसऱ्या रंगात बिघडलेला लॉट पुन्हा काळ्यात बुडवून विकला जातो, आणि मग एकाच गठ्ठ्यातला एक पीस क्रीम येतो, दुसरा विटकरी. पीसी, म्हणजे पॉलिएस्टर-सूत मिश्र कापडावर फक्त सुताचा धागा उजळतो, पॉलिएस्टर तसाच राहतो, आणि छपाई राखाडी मिसळल्यासारखी दिसते. कालवलेली पेस्ट काही तासांतच निकामी होते, म्हणून हवी तेवढीच कालवायची. आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. या रसायनातून फॉर्माल्डिहाइड सुटतं. क्युरिंगच्या तोंडाशी दिवसभर उभा राहणारा मुलगा ते श्वासात घेतो. एक्झॉस्टचा पंखा आणि योग्य मास्क नसेल तर डिस्चार्जचं काम घेऊ नका. आणि माल धुऊनच द्या, किंवा घालण्याआधी धुवायला लेखी सांगा.

पॉलिएस्टरची गोष्ट पूर्ण वेगळी. लाल डॉट निटची जर्सी घ्या. पाठीवर पांढरा आकडा छापला, क्युरिंगमधून दुधासारखा पांढरा बाहेर आला, घड्या घालून माल गेला. चार दिवसांनी फोन येतो, आकडे गुलाबी झाले. शाई वाईट म्हणून आपण पुरवठादारावर ओरडतो. पण पॉलिएस्टरवरचे डिस्पर्स रंग उष्णतेने वायुरूप होतात. ज्या गुणावर आपलं सब्लिमेशन चालतं तोच हा गुण. 160 अंशांच्या क्युरिंगमध्ये लाल रंग धाग्यातून सुटतो आणि वरच्या शाईत शिरतो. शिवाय प्लास्टिसोलमधला प्लास्टिसायझर या रंगांना विरघळवून घेतो, म्हणून गुलाबीपणा गठ्ठ्यातही वाढत राहतो. गरम पीस एकावर एक रचले तर आणखीनच.

यावर उपाय आहेत. कमी तापमानाला, 130 अंशांच्या आसपास क्युअर होणारी लो-ब्लीड पांढरी. तिच्याखाली कार्बन असलेला करडा बेस, कारण कार्बन सुटलेला रंग धरून ठेवतो. ताणल्या जाणाऱ्या स्पोर्ट्सवेअरवर सिलिकॉन शाई, महाग असली तरी. आणि पीस थंड करून मगच रचणं, ज्याला काहीच खर्च नाही. डीटीएफवाल्यांनी आपण यातून सुटलो असं समजू नये. हीट प्रेसच्या उष्णतेने तिथलाही पांढरा रंगतो. त्यासाठी काळा अडसर देणारी पावडर वेगळी मिळते, ती मागून घ्या.

गिऱ्हाईक विचारतं, काळ्या पॉलिएस्टरवर सब्लिमेशन करून द्या. नाही होत. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाईच नसते, रंग आहे त्यावर चढतो एवढंच. हे त्याला स्पष्ट सांगावं.

ट्रान्सफरचं थोडक्यात सांगतो. इंकजेटचा गडद कापडासाठीचा कागद म्हणजे पांढरा प्लास्टिकचा पडदा. एखाद्या वाढदिवसाच्या टी-शर्टला ठीक, शंभर नगांना नाही. नाव-नंबरसाठी पीयू विनाइल उत्तम. डीटीएफ आज सर्वांत पुढे आहे, कारण एक नगही परवडतो आणि बहुतेक कापडांवर चिकटतो. त्याचा जीव हॉटमेल्ट पावडरमध्ये आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ती ओल धरून गोळा होते. बरणी घट्ट बंद ठेवा. सूत नेहमीच्या हवेतही साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. जुलैमध्ये कोकणात सुती टी-शर्टवर थेट प्रेस केलं तर आधी वाफ निघते आणि चिकटपणा कमी पडतो. काही सेकंद रिकामं प्रेस करून वाफ काढा, मग फिल्म ठेवा.

गोविंदा पथकांच्या टी-शर्टविषयी माझं ठाम मत आहे. पाठभर सलग डीटीएफचा थापा देऊ नये. त्यातून घाम बाहेर पडत नाही आणि अंगावर पाणी ओतलं जात असताना ती फिल्म गुळगुळीत होते. त्या खांद्यांवर दुसऱ्याचे पाय असणार आहेत. तिथे सुती कापड घ्यायला लावा, डिस्चार्ज करा, खांदे कोरे सोडा. ऑर्डर थोडी महाग पडते, हे पथकाला समजावून सांगता येतं.

लहान मुलांच्या कपड्यांबाबतही असाच आग्रह धरू या. अमेरिकेने 2008 च्या कायद्याने मुलांची खेळणी आणि बालसंगोपनाच्या वस्तू यांतल्या काही थॅलेट्सवर, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिसायझरवर, 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. म्हणून निर्यातदार थॅलेटमुक्त असल्याचे दाखले मागून घेतात. शाळेच्या स्पोर्ट्स डेचा टी-शर्ट छापताना आपणही थॅलेटमुक्त प्लास्टिसोलचा लेखी दाखला पुरवठादाराकडे मागितला पाहिजे.

आता या सभेपुढे मी मांडत असलेल्या ठरावाकडे वळतो. ऑर्डर फॉर्मवर डिझाइन आणि साइझ लिहिण्याआधी कापडाचा प्रकार, रंग आणि लॉट नंबर लिहायचा. गिऱ्हाइकाला माहीत नसेल तर शिवणीच्या आतल्या बाजूने कापडाचाच धागा काढून जाळून बघायचा, शिलाईचा दोरा नव्हे. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. त्याच लॉटच्या एका पीसवर छापून, धुऊन, आठवडाभर ठेवून मग मंजुरी घ्यायची आणि त्या सॅम्पलचे पैसे बिलात लावायचे. अशा चाचण्यांच्या नोंदी आपल्याच कपाटात न ठेवता सर्वांसाठी एक वही सुरू करावी, असा माझा प्रस्ताव आहे.

त्या वहीतली पहिली नोंद माझी घ्या. मरून पॉलिएस्टर, साधी पांढरी प्लास्टिसोल, 160 अंश: आठवड्याने गुलाबी. तोच लॉट, करडा बेस, वर 130 अंशांची लो-ब्लीड पांढरी: आठवड्याने पांढरीच. वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. तुमच्या नोंदी जेवणाच्या सुटीपर्यंत त्यात याव्यात, दुपारच्या सत्रात त्या वाचून चर्चेला घेऊ.