विजेची मोटारगाडी, चार्जिंगमधील बिघाड आणि ग्राहकाची नोंदवही

(तुकईथड येथील ग्राहक-मार्गदर्शन सभेत दिलेले व्याख्यान)



खंडवा–अकोला या जुन्या मीटरगेज रेल्वेमार्गावरील एक स्थानक म्हणून तुकईथडचे नाव जुन्या पिढीला परिचित आहे. कापूस आणि केळी पिकविणाऱ्या या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात वीज म्हटली की प्रथम विहिरीवरील पंप आठवतो. विजेचा दाब उतरला की मोटार घुरघुरते आणि वेळीच बंद न केल्यास जळते, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. आता त्याच विजेवर चालणारी मोटारगाडी खेड्यांतूनही दिसू लागली आहे. पंपाविषयीचे आपले हे ज्ञान तिच्या बाबतीतही उपयोगी पडणारे आहे.

तक्रारीचे स्वरूप बहुधा एकसारखेच असते. रात्री गाडी चार्जिंगला लावावी आणि सकाळी पाहावे, तो चार्जिंग मध्येच थांबलेले असते. विक्रेत्याकडे जावे, तर तो म्हणतो, “तुमच्या गावची वीज खराब आहे.” तारतंत्र्यास बोलवावे, तर तो म्हणतो, “दोष गाडीत आहे.” गाडी कार्यशाळेत ठेवली की सुटा भाग येण्यास आठवड्यांमागून आठवडे लागतात, कर्जाचा हप्ता मात्र एक दिवसही थांबत नाही. रात्री-अपरात्री रुग्णास शहरातील रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास त्या बंद गाडीचा काय उपयोग? दोष नेमका कोठे आहे हे ग्राहकास सांगता येत नाही, म्हणूनच ही टोलवाटोलवी चालते.

दोषाची स्थाने मुख्यतः तीन आहेत : घरातील वीजजोडणी, चार्जिंगची केबल आणि प्रत्यक्ष गाडी.

प्रथम घराचा विचार करू. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरला जातो. ३.३ किलोवॅटचा चार्जर अशा पुरवठ्यावर सुमारे १४ अँपियर प्रवाह घेतो व ३० युनिट क्षमतेची बॅटरी साधारण दहा तासांत भरतो. दाब १८० व्होल्टवर आला आणि प्रवाह तेवढाच राहिला, तर मिळणारी शक्ती अडीच किलोवॅटच्या आसपास उतरते आणि त्याच कामास सुमारे तेरा तास लागतात. दाब याहून खाली गेल्यास चार्जर स्वसंरक्षणार्थ बंद पडू शकतो. म्हणून १६ अँपियरचे स्वतंत्र सॉकेट, पुरेशा जाडीची तांब्याची तार आणि वीज कंपनीकडून मंजूर झालेला पुरेसा भार या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. सैल सॉकेट तासन्‌तासच्या प्रवाहाने तापून वितळते. जोडतार लावून केलेले चार्जिंगही तितकेच धोक्याचे.

अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे. सॉकेटला तिसरे छिद्र आहे, परंतु त्यामागे तारच नाही, अशी घरे थोडी नाहीत. अर्थिंग न सापडल्यास बहुतेक चार्जर कामच सुरू करीत नाहीत. हा बिघाड नसून सुरक्षेची व्यवस्था आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग दुर्बळ होते, म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालीत असावे. काही जण न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून चार्जरची फसवणूक करतात. असे कदापि करू नये. न्यूट्रल तुटल्यास गाडीच्या पत्र्यातच वीज उतरेल आणि ती प्राणघातक ठरेल.

आता पारख कशी करावी ते सांगतो. तीच गाडी व तीच केबल घेऊन, जेथे अर्थिंग व दाब योग्य आहे अशा दुसऱ्या ठिकाणी चार्जिंग करून पाहावे. तेथे सुरळीत झाले, तर आपल्या घराची जोडणी तपासावी. तेथेही अडले, तर केबल बदलून पाहावी. त्यानंतर जलद चार्जिंग केंद्रावर जावे. तेथील यंत्र बॅटरीस थेट एकदिश वीज पुरविते. गाडीतील चार्जरचा तेथे उपयोग होत नाही. घरच्या व दुसऱ्या ठिकाणच्या विजेवर गाडी अडते आणि जलद केंद्रावर मात्र भरते, असे आढळल्यास गाडीतील चार्जरवर संशय घेण्यास सबळ कारण मिळते. गाडीतील १२ व्होल्टची लहान बॅटरीही तपासून घ्यावी. ती दुर्बळ असल्यास मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

या प्रत्येक वेळी दिनांक, वेळ, विजेचा दाब, किती टक्क्यांवर चार्जिंग थांबले आणि पडद्यावर कोणता संदेश आला, हे वहीत लिहावे व छायाचित्र घ्यावे. गाडी दुरुस्तीस देताना तक्रार जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, त्याची प्रत मागावी आणि गाडी परत मिळाल्याचा दिनांकही नोंदवावा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी तक्रारीस उत्तर द्यावे लागते.

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. विक्रेत्याच्या शहरी खेटे घालण्याचे कारण नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावयास हवी. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः गाडी चालविणाराही या कायद्याने ग्राहकच ठरतो. प्रथम विक्रेता व उत्पादक या दोघांना लेखी कळवावे, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तरीही दाद न मिळाल्यास आयोगाकडे जावे. वीजपुरवठ्याचा दोष असेल, तर तक्रार वीज वितरण कंपनीकडे करावी. विक्रेत्यास त्यात गोवू नये.

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की, व्होल्टमापकाचे वाचन आणि नोंद ठेवण्याची सवय विज्ञानाच्या तासास मुलांना लावावी. अधिकाऱ्यांनी शाळा व पंचायतीच्या इमारतींचे अर्थिंग तपासून घेतल्यास पारख करण्यासाठी एक विश्वासार्ह जागा गावातच उपलब्ध होईल. घरोघरी दुधाचा आणि किराण्याचा हिशेब आपण लिहून ठेवतोच. लाखो रुपयांच्या गाडीचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे ठेवावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.