पिवळा ताप आणि आपला डास

पिवळा ताप भारतात आजवर पसरलेला नाही. मग अहिल्यानगरकरांनी त्याची दखल का घ्यावी? कारण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे आहेच. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच डास. पाथर्डी, जामखेडसारख्या टंचाईच्या भागात पाणी साठवून ठेवावेच लागते आणि उघड्या साठ्यात तो वाढतो. म्हणजे वाहक घरात आहे, फक्त विषाणू बाहेर आहे. तो आत आला तर काय होते, हे 1793 साली फिलाडेल्फियाने पाहिले; काही महिन्यांत सुमारे 5,000 माणसे गेली. डासाचा संशय क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी 1881 मध्ये मांडला. त्यांना वेड्यात काढले गेले, पण 1900 मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने तो खरा ठरवला.

कोणी म्हणेल, इतकी वर्षे आला नाही, तर आता कशाला येईल? डेंग्यूमुळे आलेली प्रतिकारशक्ती त्याला काही अंशी अडवत असावी, असेही काही अभ्यासक मानतात. पण हा अंदाज आहे, हमी नव्हे. 2016 मध्ये अंगोलातून परतलेल्या 11 प्रवाशांसोबत हा ताप चीनमध्ये पोहोचलाच. म्हणून विमानतळावर मागितला जाणारा लशीचा दाखला हा नुसता कागदी सोपस्कार नाही. नोकरी-शिक्षणासाठी आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्यांनी किमान 10 दिवस आधी अधिकृत केंद्रात लस घ्यावी. दाखला आयुष्यभर चालतो. आणि घरी राहणाऱ्यांनी पाण्याची टाकी झाकून ठेवावी, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी.