गोळी पोचत नाही ते दुखणे



महाराष्ट्रात कोणी जरा विक्षिप्त वागला, की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणण्याची रीत आहे. १९०१ साली येथे मनोरुग्णालय निघाले आणि ही थट्टा आपल्या गावाला चिकटली. पण मनाच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलण्याची सवयही याच गावाने लावली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आय.पी.एच. ही संस्था काढली ती येथेच. तेव्हा एच.आय.व्ही. घेऊन जगणाऱ्या प्रौढांच्या मनाचा आणि त्यांच्या बालपणाचा विषय ठाणेकरांपुढे काढताना मला संकोच वाटत नाही.

या रोगाची भारतात पहिली नोंद १९८६ साली मद्रासला झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकार त्यावरची ए.आर.टी. औषधे फुकट देऊ लागले, आणि मरणाची वाट पाहणारी माणसे पुन्हा कामावर जाऊ लागली. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर विषाणू तपासणीतही सापडू नये इतका दबतो. मग इतके सोपे औषध काही माणसे मध्येच का सोडतात?

गाडीभाडे आहे, कामाच्या पाळ्या आहेत, दोन खोल्यांच्या घरात डबी लपवायला जागा नाही, हेही आहे. पण काहींच्या बाबतीत कारण फार मागे असते. १९९८ साली फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांनी हजारो प्रौढांना बालपणीची मारहाण, अवहेलना, लैंगिक अत्याचार यांविषयी विचारले. आघात जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न आणि संबंधांतून होणारे आजारही अधिक, असे दिसले. हे अमेरिकेतले, असे म्हणून सुटका नाही. आपल्या केंद्र सरकारने २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कसला ना कसला लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले.

ज्याने राखायचे त्यानेच मारले, तर मूल मोठ्यांना दोष देत नाही. मोठ्यांवाचून त्याचे चालत नाही. ते दोष स्वतःकडे घेते. ‘माझ्यातच काही घाण आहे’ ही समजूत घेऊन ते मोठे होते. पुढे तपासणीचा कागद हातात पडला, की त्याला वाटते, बघा, खरेच होते ते! अशा माणसाला ‘गोळ्या वेळेवर घ्या’ एवढेच सांगून कसे भागेल? स्वतःला जपण्याजोगे तो समजतच नाही.

याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. कित्येकांना जन्मदात्या आईकडूनच लागण झाली. वेगळे ताट, वेगळी चटई, शाळेत बाकावर एकटे. येथे रोगच छळाचे निमित्त झाला. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी ‘पालवी’त, लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांनी ‘सेवालया’त अशा मुलांना जवळ केले. त्या पिढीतली कित्येक मुले आज कर्ती झाली आहेत, नोकरी शोधत आहेत, लग्नाचा विचार करीत आहेत. घरातून बाहेर न काढले जाण्याचा हक्क कायद्याने दिला, पण तो अमलात आला सप्टेंबर २०१८ मध्ये. तोवर यांचे बालपण सरले होते.

माझे मागणे मोठे नाही. औषध देणाऱ्या प्रत्येक केंद्रात, दार लावलेल्या खोलीत, समुपदेशकाने एवढे विचारावे: ‘लहानपणी कोणी त्रास दिला होता का?’ उत्तराची सक्ती नको. पहिल्या भेटीत तर नकोच. नुसती चौकशी करून सोडून देणे हाही एक छळच, म्हणून पुढे मानसोपचाराची सोय हवी. नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते ए.आर.टी.बरोबर घेता येतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या ठाऊक असाव्यात.

जाता जाता दोन क्रमांक टिपून घ्या. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानस, १४४१६. एच.आय.व्ही.विषयी विचारायला १०९७. दोन्हीकडे फोनला पैसे पडत नाहीत.