शिक्षेचं माप सगळ्यांना एकच हवं
(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



९ जानेवारी २०२१ च्या पहाटे इथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा दगावली. त्या आया आपल्यातल्याच. त्यांना न्याय हवा, यात दुमत नाही. प्रश्न आहे, शिक्षा कुणाला आणि किती?

२१ जानेवारीला सरकारने कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सक, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचारिका निलंबित. अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सकांची बदली. कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि दोन कंत्राटी परिचारिकांची मात्र सेवाच समाप्त. फेब्रुवारीत गुन्हा नोंदला गेला, तोही दोन परिचारिकांवर.

निलंबन ही कायद्याने शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाहभत्ता मिळतो. चौकशीत आरोपपत्र मिळतं, बाजू मांडता येते. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत शिक्षेच्या पायऱ्या आहेत: ठपका, वेतनवाढ रोखणं, पदावनती, अगदी शेवटी बडतर्फी. घटनेचं कलम ३११ पाठीशी असतं. कंत्राटी बाईला यातली एकही पायरी नाही. तिला एकच शिक्षा, घरी बस!

कामावरची परिचारिका जागेवर होती की नाही, हे जरूर तपासा. चूक सिद्ध झाली तर शिक्षाही करा. पण इमारतीत पुरेशी अग्निसुरक्षा यंत्रणाच नव्हती, हेही पुढे आलं. ती बसवणं परिचारिकेच्या हातात होतं का? ज्याच्या हाती अधिकार जास्त, त्याची जबाबदारीही जास्त धरली पाहिजे.

‘शिक्षा प्रमाणात हवी’ याचा अर्थ ‘शिक्षा कमी हवी’ असा नाही. दिल्लीत कपडे निर्यात प्रोत्साहन परिषदेतल्या एका कर्मचाऱ्याला लैंगिक छळाबद्दल काढून टाकलं होतं. प्रत्यक्ष स्पर्श सिद्ध नाही म्हणून उच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला सांगितलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि नोकरीवरून काढणंच योग्य ठरवलं.

म्हणून आपली मागणी दुहेरी हवी. कंत्राटी असो वा कायम, चौकशीशिवाय कुणाचीही भाकरी हिरावू नका. आणि चौकशी खाटेपाशी थांबवू नका, ती सहीच्या टेबलापर्यंत न्या. सगळं खापर दोन परिचारिकांवर फोडून त्या दहा आयांना न्याय मिळणार नाही.