माप घ्यावे ते लहानग्यांचे

(कुटुंबसंमेलन या विषयावरील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कुटुंबसंमेलन हा विषय व्याख्यानासाठी निवडला गेला, हे उचितच झाले. संस्था असो वा घराणे, मागील पिढीच्या पुण्याईवर ते उभे राहते आणि पुढील पिढीच्या ओढीवर ते टिकते. एके काळी मोठ्या वाड्यात एका पंगतीला वीस-पंचवीस पाने सहज मांडली जात. सख्खा भाऊ कोण आणि चुलत भाऊ कोण, हा भेद मुलांना पुष्कळ उशिरा कळत असे. पुढे शेतीच्या वाटण्या झाल्या, शिक्षणाने आणि नोकरीने माणसे दूरदेशी नेली. यात कोणाचा दोष नाही. मात्र जी भेट रोज उठता-बसता होत असे, तिच्यासाठी आता पत्रिका छापावी लागते, मांडव घालावा लागतो आणि सहा महिने आधी तारीख कळवावी लागते.

अशा संमेलनाचे यश बहुधा उपस्थितीच्या आकड्यावरून मोजले जाते. किती माणसे आली, किती सत्कार झाले, भोजन कसे होते, याची चर्चा होते. परंतु खरा हिशेब निराळाच आहे. परतीच्या गाडीत बसलेले पाच वर्षांचे मूल आईला विचारते का, की “पुन्हा कधी यायचं?” या एका प्रश्नावर पुढची पन्नास वर्षे अवलंबून असतात. या दृष्टीने एका कुटुंबाची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे.

कृष्णाकाठच्या एका गावातील हे जैन कुटुंब. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आला. त्या वेळी या कुटुंबाच्या जुन्या वाड्यात पुरुषभर पाणी चढले. पाणी ओसरल्यावर माजघरातील लाकडी पेटी उघडली, तेव्हा पाच पिढ्यांची नावे लिहिलेल्या वहीचा लगदा झालेला होता. शाई पसरली होती, पाने एकमेकांना चिकटली होती. घरातील कर्ते पुरुष आण्णा यांनी त्याच दिवशी ठरविले, की ज्यांना नावे आठवतात त्यांच्या हयातीतच सर्वांना एकत्र बोलवायचे. पण पाठोपाठ २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे कोरोनाच्या सावटाखाली गेली. नावे आठवणारी काही माणसेही त्यात गेली. अखेर डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात, मुलांच्या नाताळच्या सुटीत, दोन दिवसांचे संमेलन भरले. इचलकरंजी, पुणे, बेळगाव, बेंगळुरू अशा ठिकाणांहून १४० माणसे आली. त्यांत दहा वर्षांखालील मुले ३१ होती.

पहिल्या दिवशीचा कार्यक्रम वडीलधाऱ्यांनी मोठ्या आस्थेने आखला होता. दीपप्रज्वलन, मंगलाचरण, स्वागत, प्रास्ताविक, ज्येष्ठांचे सत्कार आणि त्यानंतर प्रत्येक शाखेच्या प्रमुखाचे मनोगत. अकरा वाजेपर्यंत मांडवात एकच रडारड सुरू झाली. मनोगते चालूच होती. लहान मुलांच्या आया मागच्या बाजूला कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यापैकी एकीच्याही कानावर एक वाक्य धड पडले नव्हते.

बेंगळुरूहून एक सून रात्रभर बसचा प्रवास करून आली होती. चार वर्षांचा मुलगा आणि नऊ महिन्यांची मुलगी असे तिचे दोन जीव. धाकटी या हातातून त्या हातात फिरत होती. थोरल्याला जो तो “ओळख बघू मी कोण?” असे विचारी आणि गालगुच्चा घेई. चार वर्षांच्या मुलाने प्रथमच पाहिलेली शंभर माणसे ओळखावीत तरी कशी? तो आईच्या पदराआड लपला. नमस्कार कर म्हटले, तर त्याने मान फिरवली. तेव्हा नात्यातील एक वडीलधाऱ्या बाई सहज बोलून गेल्या, “हल्लीच्या पोरांना माणसांची सवयच नाही बघा.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते, पण ते बोल सुनेच्या जिव्हारी लागले. दुपारचे जेवण होताच ती आणि तिचा नवरा बॅगा आवरू लागले.

आण्णांच्या थोरल्या भगिनी आक्का त्या वेळी बयाऐंशी वर्षांच्या होत्या. सासर जवळच्याच गावी असल्याने वाड्यात त्यांचे नेहमी जाणे-येणे होते. त्यांनी बॅग पाहिली आणि सगळे ओळखले. उपदेश न करता त्या एवढेच म्हणाल्या, “अगं पोरी, बाळ झोपू दे आधी. भाषणं काय, उद्याबी हाईत.” मग त्यांनी माजघराच्या खिडक्या लावून घेतल्या, वाकळा अंथरल्या आणि दारात स्वतः जाऊन बसल्या. तासाभरात त्या अंधाऱ्या, गार खोलीत अकरा मुले झोपली होती आणि त्यांच्या अकरा आया कित्येक वर्षांनी एकमेकींशी निवांत बोलत होत्या. बॅग पुन्हा उघडली गेली.

त्या संध्याकाळी आण्णांनी उरलेली सर्व मनोगते रद्द केली. कापड बेतण्यापूर्वी माप घ्यावे लागते. थोराच्या मापाचा अंगरखा लहानाच्या अंगात घातला, तर तो पायांत अडकतो आणि मूल पडते. संमेलनाचेही तसेच आहे. ते सर्वांत लहानाच्या मापाने बेतले, तर मोठ्यांना काही कमी पडत नाही.

हे माप घेताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट झोपेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या बालकास दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या बालकास १० ते १३ तास झोप आवश्यक असते. प्रवासात ती मोडलेली असते. म्हणून मांडवापासून दूर, ध्वनिक्षेपकाचा आवाज पोहोचणार नाही अशी एक खोली फक्त झोपेसाठी राखून ठेवावी. तिच्याच शेजारी मातांना बाळास दूध पाजण्यासाठी आडोसा असावा.

दुसरी गोष्ट आहाराची. येथे आपला परंपरागत आचार मुलांच्या प्रकृतीस किती अनुकूल आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. डिसेंबरअखेर आपल्या भागात सूर्यास्त सहा-सव्वासहाच्या सुमारास होतो. रात्रिभोजनाचा त्याग पाळून या कुटुंबाने पाच वाजताच पाने मांडली. परिणाम असा झाला, की मुले पोटभर जेवून वेळेवर झोपली. लग्नसमारंभात रात्री दहा वाजता पेंगत जेवणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातील फरक कळेल. मध आपल्या आचारात वर्ज्यच आहे. वैद्यकशास्त्रही एक वर्षाखालील बालकास मधाचे बोट चाटवू नये, असे निक्षून सांगते, कारण त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे आणि फुटाणेही देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते. कौतुकाने घास भरविणाऱ्या प्रत्येक आजीने आधी मुलाच्या आईला विचारावे. यात आजीचा मान कमी होत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. जुन्या वाड्यात आड असतो, परसात हौद असतो, मळ्यात विहीर असते. शहरातील मुलांना यांची ओळख नसते. रांगते मूल अर्ध्या बादलीतील पाण्यातही बुडू शकते. शंभर माणसांच्या गर्दीत प्रत्येकास वाटते, की दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष असेल. म्हणून या कुटुंबाने दुसऱ्या दिवशी आडावर जाळी टाकली, चुलीच्या बाजूला दोरी बांधली आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींच्या तासातासाच्या पाळ्या लावल्या. कोणत्या वेळी कोणाची जबाबदारी, हे फळ्यावर नावानिशी लिहिले गेले.

चौथी गोष्ट थोडी नाजूक असली, तरी ती या व्यासपीठावरून उच्चारली जाणे आवश्यक आहे. मुलाने मांडीवर बसण्यास अथवा पापा देण्यास नकार दिला, तर त्याच्यावर सक्ती करू नये. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून रक्षण करणारा कायदा आपल्या देशात २०१२ मध्ये झाला. असे गुन्हे करणारी व्यक्ती बहुधा परकी नसते, ओळखीतलीच असते, हे कटू सत्य आहे. नको असलेल्या स्पर्शाला ‘नको’ म्हणण्याचे धैर्य मूल घरातच शिकते. ज्या घरात त्याच्या ‘नको’ला मान मिळतो, तेथे संकटसमयी ते तोंड उघडते. नमस्काराचा संस्कार वडिलांना नमस्कार करताना पाहून होतो, त्याला धाकाची गरज नसते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. खर्चाचा भार एकाच घरावर पडू देऊ नये. वर्गणी दरमाणशी ठेवावी, दहा वर्षांखालील मुलांची माफ असावी आणि समारोपाला जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा. हिशेब चोख असला, की मने स्वच्छ राहतात.

आता त्या संमेलनाच्या दुसऱ्या दिवसाकडे वळू. आण्णांनी आठवून आठवून वंशावळ तयार केली होती आणि तिचा मोठा फ्लेक्स मांडवात लावला होता. नुकतीच वाचायला शिकलेली सात वर्षांची एक मुलगी बोट फिरवत एकेक नाव वाचत होती. ती आण्णांच्या लेकीची लेक. वाचून झाल्यावर ती आण्णांकडे आली आणि म्हणाली, “आण्णा, मामा हाय, मामाचा दादा हाय. माझी आई कुठं हाय?”

आण्णांना उत्तर सुचेना. त्यांनी जुन्या वहीची रीत तशीच उचलली होती. त्या वहीत फक्त मुलग्यांची नावे लिहिली जात. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, “पोरगी खरं बोलतीया. मी तरी कुठं हाय त्यात?”

मांडव शांत झाला. वाड्यातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती आणि सात वर्षांची नात या दोघींनाही त्या वंशावळीत स्थान नव्हते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैन समाजासही लागू आहे. त्यात २००५ मध्ये दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. सरकारी कागदावर लेकीचे नाव आले, तरी घराच्या कागदावर ते अजून यायचे होते.

आण्णांनी जाड टोकाचे पेन मागविले आणि ते नातीच्या हाती दिले. तिने स्वतःच्या अक्षरात आधी आईचे आणि खाली आपले नाव लिहिले. त्यानंतर आक्का सांगू लागल्या. कोणती आत्या कोणत्या गावी दिली होती, कोणती लेक लहानपणीच गेली, कोणाची मुले आता कोठे असतात, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. पुराने पुसलेल्या वहीत ही नावे कधी नव्हतीच. त्या एका वृद्धेच्या स्मरणातच ती जिवंत होती. शेजारी बसून ती वहीत उतरवून घेत होती बेंगळुरूची तीच सून. तिची धाकटी मांडीवर झोपली होती आणि थोरला भावंडांबरोबर अंगणात लगोरी खेळत होता. दुपारपर्यंत सत्तेचाळीस नावे वाढली.

पुढच्याच वर्षी आक्कांचे देहावसान झाले. ती नावे सांगू शकेल असे दुसरे कोणी घरात उरले नव्हते. आदल्या दिवशी ती बॅग घेऊन सून निघून गेली असती, तर ती नावे कोणी लिहून घेतली असती, हे सांगता येत नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या सुटीत त्याच वाड्यात दुसरे संमेलन झाले. बेंगळुरूचे कुटुंब या वेळी एक दिवस आधीच येऊन पोहोचले. चार वर्षांचा तो मुलगा आता सहा वर्षांचा झाला होता. गाडीतून उतरताच नमस्कार कर, असे त्याला कोणी सांगितले नाही. तो धावत माजघरात गेला आणि त्याने विचारले, “आक्का आज्जी कुठं बसायच्या?” त्याच्या आईने दारातली जागा दाखविली. तो तेथे जाऊन बसला, मग उठून त्याने त्या उंबऱ्याला नमस्कार केला.

बंधू-भगिनींनो, या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्या ज्या घराण्यांनी संमेलन योजले असेल, त्यांनी पत्रिकेचा मसुदा करण्यापूर्वी दोन कामे अवश्य करावीत. झोपेची खोली आधी ठरवावी आणि वंशावळीत लेकींची नावे आधी लिहावीत. उरलेले सर्व, हार-तुरे आणि भाषणेसुद्धा, सवडीने ठरविता येते.

जयजिनेंद्र.