घराच्या डागडुजीची नोंद: वहीत की मोबाईलमध्ये?

(जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धाराचे काम निघाले की पहिला प्रश्न येतो तो हा: मागची दुरुस्ती केव्हा झाली, आणि कोणी केली? शिलालेख असला तर उत्तर मिळते, नसला तर जाणत्यांच्या आठवणीवर भिस्त. घराचेही तसेच आहे. कौले कधी चाळली, वाळवीचे औषध केव्हा मारले, भिंतीतून वीज व पाणी कोठून नेले, हे सारे बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो गेला की माहितीही जाते. मग कोणी खुंटी ठोकावयास जातो आणि ड्रिलचे टोक चालू तारेवर पडते. तेथे प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

म्हणून नोंद हवी. मात्र ती कशावर ठेवावी, यावर घरोघरी वाद होतो. वडीलधाऱ्यांचा विश्वास वहीवर, मुलांचा मोबाईलवर. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील अठराव्या शतकातले मोडी कागद आजही आहेत. पण मोडी वाचणारे थोडेच उरले. उलट, १९९० च्या सुमारास लोक ज्या फ्लॉपीवर हिशेब ठेवीत, ती घालावयास आजच्या संगणकात जागाच नाही. म्हणजे नोंद नुसती टिकून भागत नाही, ती पुढच्याला वाचता आली पाहिजे. दुकानातल्या यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती तर वहीत जपली तरी पुसट होत जाते. तिच्यावर शाई नसते, उष्णतेने उमटलेली अक्षरे असतात. तिचा फोटो त्याच दिवशी काढावा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला. तशा पाण्यात वही भिजते आणि मोबाईलही बंद पडतो. वाचते ती दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत.

तेव्हा कामे वाटून द्यावीत. गिलावा होण्यापूर्वी, तारा व नळ उघडे असताना, शेजारी टेप धरून फोटो काढावा; ते वहीला जमणार नाही. तारीख, काम, खर्च आणि कारागिराचे नाव वहीत सुवाच्य अक्षरात लिहावे. वीज नसली तरी वही उघडते, आणि आजीलाही वाचता येते. वर्षातून एकदा वहीच्या पानांचे व भिंतींचे फोटो परगावच्या मुलाकडे वा मुलीकडे पाठवावेत. मोबाईलचा पासवर्ड घरातील आणखी एकाला ठाऊक असावा.

लिहिणाऱ्याला नोंदीची गरज क्वचितच पडते. ती पडते त्याच्या मागून त्या घरात नांदणाऱ्यांना. येत्या मृगापूर्वी घरोघरी अशी वही सुरू व्हावी, आणि मंदिराच्या या कामाचीही एक वही विश्वस्तांच्या कपाटात असावी, एवढीच सर्वांना नम्र विनंती.