बाराव्या नावापासून पुढे

कोल्हापुरात पावसाळा सरू लागला की पेठापेठांतील गप्पांचा विषय बदलू लागतो. ऊस, पाणी आणि निवडणुका हे विषय काही सुटत नाहीत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक विषय येऊन बसतो, आणि तो म्हणजे यंदा आपल्या तालमीचा फुटबॉल संघ कसा असेल हा. ज्या तालमी मूळच्या कुस्तीच्या, त्यांच्याच नावाने येथे फुटबॉलचे संघ उभे राहिले आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे परगावच्या माणसास आखाड्याची वाटतात. कोल्हापूरकरास ती शाहू स्टेडियमची वाटतात. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते, कोण कोणाकडे गेला याच्या वार्ता फिरतात, आणि प्रत्येक पेठेत एखादा तरी जुना रसिक असा असतो की जो चहाच्या पेल्याशेजारी कागद ठेवून संघाची यादी लिहीत बसतो.

ही यादी पाहण्यासारखी असते. नवखा प्रेक्षक अकरा नावे लिहून मोकळा होतो. जाणता रसिक ती अकरा नावे भरभर लिहितो, कारण ती सर्वांनाच ठाऊक असतात, आणि मग त्याची लेखणी थांबते. बारावे नाव कोणाचे? डावा बचावपटू लंगडू लागला तर त्याच्या जागी कोण उभा राहणार? मधल्या फळीतील ज्या दोघांवर सारी भिस्त, त्यांपैकी एकाची परीक्षा ऐन मार्चमध्ये आली तर काय करावयाचे? आजच्या भाषणाचा विषय हा असा, बाराव्या नावापासून पुढचा संघ होय.

राखीव बळ म्हणजे केवळ संख्या नव्हे. एखाद्या संघाच्या नोंदवहीत पंचवीस नावे असतात, आणि तरीही तो संघ दुबळा असतो. कारण त्या पंचविसांत आघाडीचे आठ असतात आणि गोलरक्षक दीड. आघाडीवर खेळण्याची हौस सर्वांनाच असते. गोल करणाऱ्याचे नाव होते, गोल वाचविणाऱ्याचे क्वचित. म्हणून यादी वाचताना नावे मोजावयाची नसतात, जागा मोजावयाच्या असतात. प्रत्येक जागेमागे दुसरा माणूस आहे काय, आणि तो नसेल तर शेजारच्या जागेवरचा माणूस तेथे सरकू शकतो काय, हे दोनच प्रश्न विचारावयाचे. यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. लहान गावाच्या, शाळेच्या किंवा तालमीच्या संघास प्रत्येक जागेसाठी दोन माणसे मिळणे कठीणच. दोन जागा सांभाळणारा एक माणूस मात्र घडविता येतो.

या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण भारतीय फुटबॉलच्याच इतिहासात आहे. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारतीय संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी आणि प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. प्रारंभ वाईट झाला. दक्षिण कोरियाने पहिल्याच सामन्यात भारतास दोन गोलांनी हरविले. पुढे थायलंड आणि जपान यांच्यावर विजय मिळाले, परंतु थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन सहा टाके पडले. बचावपटूस उंच चेंडू सतत डोक्याने परतवावा लागतो. टाके पडलेल्या डोक्याने ते होणार कसे? आणि त्या काळी सामना चालू असताना बदली खेळाडू उतरविण्याची सोयही नव्हती. मैदानात उतरतील ते अकरा, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत तेच.

रहीम यांनी त्यावर जो उपाय केला तो अजूनही सांगितला जातो. त्यांनी जर्नेलसिंग यांना बाकावर बसविले नाही. बचावातून काढून मध्य आघाडीवर नेले. मागे त्यांची जागा अरुण घोष यांनी सांभाळली. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपान्त्य सामना भारताने ३-२ असा जिंकला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर उभा होता, आणि खचाखच भरलेले प्रेक्षागार भारताच्या विरोधात होते. त्याची कारणे मैदानाबाहेरच्या राजकारणात होती, त्यात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. त्या सामन्यासाठी रहीम यांनी गोलरक्षक प्रद्युत बर्मन यांच्या जागी पीटर थंगराज यांना उतरविले. थंगराज अंगाने उंच होते, आणि कोरियाच्या खेळात उंच चेंडूंचा भर होता. भारताने तो सामना २-१ असा जिंकून सुवर्णपदक मिळविले. एक गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला, आणि दुसरा डोक्यास पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंग यांनी.

या विजयाची आठवण निघाली की पट्टीचे वर्णन रंगते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट आणखी एक आहे. जर्नेलसिंग पुढे खेळू शकतील आणि घोष मागे सांभाळू शकतील हे प्रशिक्षकास कळत होते. तसेच कोणत्या प्रतिस्पर्ध्यापुढे कोणता गोलरक्षक, याचाही विचार त्याच्यापाशी तयार होता. दोन गोलरक्षक होते, आणि दोघेही उभे करण्याजोगे होते. रहीम हे व्यवसायाने शिक्षक होते. वर्गातील पहिल्या बाकावरच्या पोरांची नावे कोणालाही पाठ होतात. मागच्या बाकावरच्या पोरास काय येते हे ओळखणे ही शिक्षकाची विद्या. ती त्यांनी मैदानावर वापरली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नियम बदलले. इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत १९६५ च्या हंगामापासून जायबंदी खेळाडूच्या जागी एक बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. विश्वचषकात ही सोय १९७० साली मेक्सिकोत आली, आणि तेथे दोन खेळाडू बदलता येत. पुढे ही संख्या तीन झाली. २०२० साली करोनाच्या साथीमुळे ती तात्पुरती पाच करण्यात आली, आणि २०२२ मध्ये पाचांचा नियम कायम झाला. पाच म्हणजे किती? गोलरक्षक सोडल्यास मैदानातील निम्मा संघ! बाराव्या नावाची किंमत जितकी आज आहे तितकी ती यापूर्वी कधीच नव्हती.

तरीही राखीव खेळाडूच्या वाट्याला काय येते आणि काय येत नाही, हे १९६६ च्या विश्वचषकाइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. इंग्लंडचा सर्वांत नामवंत गोलकर्ता जिमी ग्रीव्ह्ज हा फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात नडगीला जखम होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. हा खेळाडू इंग्लंडच्या संघात त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रथम खेळला होता. हर्स्टने अर्जेंटिनाविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल केला. ३० जुलै रोजी पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले, आणि इंग्लंड ४-२ असे विजयी झाले. इकडे ग्रीव्ह्ज तोपर्यंत बरा होत आला होता. परंतु जिंकणाऱ्या संघास हात लावावयाचा नाही, असे ठरले. अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरांनाच तेव्हा पदके मिळत. बावीसांच्या संघातील उरलेल्यांना ती २००९ साली, म्हणजे ४३ वर्षांनी मिळाली. राखीव खेळाडू राष्ट्राचा नायक झाला आणि नायक राखीव झाला, आणि हे सारे दहा दिवसांत घडले. हंगामापूर्वी यादी लिहिणाऱ्याने इतकी उलथापालथ मनाशी धरून ठेवावी.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राखीव बळ इतके महत्त्वाचे असेल तर इंग्लंडचा लेस्टर सिटी हा संघ २०१५-१६ साली अजिंक्य कसा ठरला? आदल्या हंगामात तो कसाबसा तळातून वाचला होता. नवे प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी आले तेव्हा जाणकारांनी त्याची गणना खाली घसरणाऱ्यांत केली होती. मोठ्या संघांच्या मानाने त्याची यादी तोकडी होती आणि जवळजवळ तेच अकरा जण आठवड्यामागून आठवडा खेळत राहिले. हे खरे आहे. परंतु त्या वर्षी लेस्टरला युरोपातील स्पर्धा खेळावयाच्या नव्हत्या, दोन्ही देशांतर्गत चषकांतून तो लवकर बाद झाला होता, आणि महत्त्वाचे खेळाडू बहुतांशी धडधाकट राहिले. राखीव बळाची कसोटीच लागली नाही. पुढच्या वर्षी मधल्या फळीतील एन्गोलो कान्ते चेल्सीकडे गेला आणि युरोपातील सामन्यांचा भार वाढला; तोच संघ बाराव्या क्रमांकावर आला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरी यांना जावे लागले. एका पिकाच्या वर्षी विहिरीचे पाणी पुरले म्हणून दरवर्षी पुरेल असे कोणी शेतकरी धरून चालत नाही.

लेस्टरच्या यादीतील दुसरी गोष्ट मात्र अधिक मोलाची आहे. ती म्हणजे तेथील खेळाडू आले कोठून. जेमी वार्डी यास सोळाव्या वर्षी, अंगाने लहान म्हणून, शेफिल्डच्या एका व्यावसायिक संघाने सोडून दिले होते. त्यानंतर तो कारखान्यात काम करीत खालच्या, जवळजवळ हौशी म्हणाव्यात अशा साखळ्यांत खेळला, आणि २०१२ साली लेस्टरकडे आला तेव्हा त्याचे वय पंचविशीचे होते. अजिंक्यपदाच्या त्या हंगामात त्याने लागोपाठ ११ साखळी सामन्यांत गोल करून प्रीमियर लीगमधील विक्रम केला. कान्तेही अंगाने लहान, आणि त्यानेही फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत उमेदवारी केली होती. २०१८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघात तो होता. सोळाव्या वर्षी केलेली निवड चुकू शकते. चुकलेली निवड पुढे दुरुस्त करण्याची वाट तेथे होती. खालच्या साखळ्या होत्या, तेथे पाहणारे डोळे होते. आपल्याकडे शाळेच्या संघातून वगळलेल्या पोरास अशी वाट क्वचितच सापडते. म्हणून आपल्याकडची चूक अधिक महाग पडते.

ही चूक होते कशी, हे शिक्षकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. वयोगटाची मोजणी बहुधा १ जानेवारीपासून होते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला ही दोन्ही पोरे एकाच गटात येतात, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. बाराव्या-तेराव्या वर्षी हे अंतर उंचीत, छातीत आणि धावेत उघड दिसते. थोराड पोरगा निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्यास सराव मिळतो, सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसून आली. पुढे फुटबॉलच्या कुमारसंघांतही अनेक देशांत हेच आढळले. महाराष्ट्रात जुन्या काळी यात आणखी एक गंमत होती: शाळेच्या दाखल्यावर गावच्या निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा! कागद गप्प बसला की डोळ्यांनीच पाहावे लागते. आज जन्मनोंदणी सुधारली आहे. तेव्हा सुब्रतो चषकासारख्या शालेय स्पर्धांसाठी संघ निवडताना नावापुढे जन्ममहिना लिहिण्यास काही खर्च येत नाही. ज्याच्या नावापुढे नोव्हेंबर-डिसेंबर असेल आणि जो तरीही चेंडू नीट थांबवीत असेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहावे. मुलींच्या संघांत तर हे अधिकच, कारण त्यांतील पुष्कळजणींना चेंडूच मुळी उशिरा मिळालेला असतो.

संधी योग्य वयात मिळाली की काय होते, याचा दाखला घरचाच आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीच्या मार्गाने पुढे आला, आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघातून खेळला. अशा एका नावामागे न आलेली नावे किती असतील, याची मोजदाद कोणत्याही वहीत होत नाही.

सराव सामन्यांविषयी थोडेसे. हंगामापूर्वीच्या या सामन्यांच्या निकालावर उड्या मारणारे पुष्कळ असतात, आणि दरवर्षी फसतात. प्रतिस्पर्धी कच्चा असतो, किंवा प्रशिक्षकाने मुद्दाम पोरांची अदलाबदल केलेली असते, किंवा सकाळच्या व्यायामाने पाय जड झालेले असतात. पाच-शून्य हा आकडा अशा वेळी काहीच सांगत नाही. पाहावयाचे ते वेगळेच असते. चेंडू गमावल्यावर खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा राहतो की मागे पळतो? आपली नसलेली जागा दिली तर रुसतो की शिकतो? शेवटच्या वीस मिनिटांत, दम सरल्यावर, त्याचा साधा पास तरी सरळ जातो काय? अंगचे गुण आहेत किंवा नाहीत हे एका सुंदर गोलावरून ठरत नाही. तो गोल पाहून मोहात पडलेल्या किती याद्या डिसेंबरपर्यंत खोडाव्या लागल्या, हे प्रत्येक पेठेस ठाऊक आहे.

सर्वांत अवघड जागा राखीव गोलरक्षकाची. आघाडीचा राखीव खेळाडू निदान अखेरची दहा मिनिटे तरी मैदानात उतरतो. राखीव गोलरक्षक वर्षभर पहाटे उठतो, चिखलात अंग टाकतो, आणि कदाचित संपूर्ण हंगामात एक मिनिटही खेळत नाही. आणि ज्या दिवशी खेळतो तो दिवस बहुधा सर्वांत अवघड सामन्याचा असतो. त्यास साखळीतील हलके सामने द्यावेत, असे संघाच्या चालकांना सांगणारे थोडेच. ते सामने आपल्याच नेहमीच्या गोलरक्षकाने जिंकावेत अशी सर्वांची इच्छा असते.

पेठेतील तो जुना रसिक म्हणूनच सराव संपताच उठत नाही. मुख्य अकरा जण घाम पुसत बाहेर येतात, त्यांच्याभोवती पोरांचा घोळका जमतो, आणि मैदानाच्या दूरच्या टोकास राखीव गोलरक्षकावर कोणीतरी उंच चेंडू टाकीत राहिलेले असते. रसिक तेथे जाऊन उभा राहतो, खिशातून यादी काढतो आणि बाराव्या नावाच्या जागी पेन्सिलीने काहीतरी लिहितो.